टेस्टोस्टेरॉनच्या आधीचं टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन

ताकद वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या रील्स तुम्हीही स्क्रोल केल्या असतील. हा नाद जुना आहे. १ जून १८८९, पॅरिस. ७२ वर्षांच्या शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार यांनी शास्त्रज्ञांपुढे सांगितलं, की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि अंगात जोर आला!

माणूस भोंदू नव्हता बरं का. १८१७ साली मॉरिशसमध्ये जन्म. अॅड्रिनल ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाहीत, हे १८५६ मध्ये त्यांनीच दाखवलं. मज्जारज्जूच्या एका बाजूला इजा झाल्यावरच्या लक्षणांना आजही त्यांचंच नाव आहे. पण इथे ते फसले. वृषणं हे हार्मोन साठवून ठेवत नाहीत आणि ते पाण्यात जवळपास विरघळतही नाही. म्हणजे त्या पाणीदार अर्कात ते नावालाच असणार. जोर आला तो मनाचा. तरी असे अर्क धडाधड खपले. ब्राउन-सेकार १८९४ मध्ये वारले.

खरं टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळं केलं गेलं. ते मात्र काम करतं, आणि घोळ तिथेच आहे. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. तो वृषणांना सिग्नल देणं कमी करतो. मग वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, कधी पार शून्यावर येतात. रक्तही घट्ट होऊ शकतं. इंजेक्शन बंद केल्यावर गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागतात. म्हणून ज्यांच्यात खरीच कमतरता आहे, त्यांनाही डॉक्टर अधूनमधून रक्त तपासूनच हे देतात. जिममधला दादा ते तपासत नाही.