बहराची साखळी गुंफणारा माळी

गुस्ताव हर्मान क्रुंबिगल यांचा जन्म १८६५ साली जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळ झाला. लंडनच्या क्यू उद्यानात काम केल्यावर १८९३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात आले. १९०८ साली म्हैसूर संस्थानाने बंगळूरच्या लालबागेची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली.

एका जातीच्या झाडांचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, अशा बेताने त्यांनी शहरातील रस्त्यांसाठी वृक्ष निवडले. त्यासाठी देशोदेशींच्या उद्यानांशी बियांची देवघेव केली. हेतू शोभेचा होता. परंतु त्यामागील तत्त्व निसर्गाचेच आहे. मधमाश्या, फुलपाखरे व काही पक्षी मकरंदावर जगतात आणि त्यांच्याकडून परागीभवन होऊन फळे धरतात. फुलांत दीर्घ खंड पडला, तर ही साखळी तुटते. अर्थात, परदेशी झाडे सर्वच स्थानिक जीवांना पोसू शकत नाहीत. म्हणून पळस, करंज यांसारखे देशी वृक्षही हवेत.

१९३२ साली ते निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन म्हणून, त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही त्यांनी बंगळूर कायमचे सोडले नाही. तेथेच १९५६ साली त्यांचे निधन झाले. लालबागेजवळील एक रस्ता त्यांचे नाव मिरवितो.