अब्दुल हमीद

अब्दुल हमीद (१ जुलै, १९३३ - १० सप्टेंबर, १९६५) हे भारतीय भूदलाच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटमधील कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात शत्रूचे रणगाडे नष्ट करताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले.

जीवन

त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर या गावी झाला. घरचा व्यवसाय शिवणकामाचा होता. २७ डिसेंबर, १९५४ रोजी ते सैन्यात दाखल झाले व पुढे चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत रुजू झाले. १९६२ च्या चीन युद्धात ही पलटण नेफा आघाडीवर होती.

तोफ आणि तिचा धोका

हमीद यांच्या पराक्रमाचे मोल समजण्यासाठी त्यांचे शस्त्र समजणे आवश्यक आहे. त्यांच्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. या तोफेत स्फोटातील वायूंचा काही भाग मागील बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे गोळा सुटताना तोफेला उलटा धक्का बसत नाही, आणि अवजड गाड्याशिवाय, साध्या जीपवरूनही ती डागता येते. मात्र मागे निघणारी ज्वाळा व धुळीचा लोट तोफेची जागा शत्रूला तत्काळ दाखवून देतात. म्हणूनच गोळा डागताच जागा बदलावी लागते. जीपला चिलखत नसते. रणगाड्याचा एक गोळा तिला पुरेसा असतो.

असल उत्तरची लढाई

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांनी पंजाबातील खेमकरण क्षेत्रात मुसंडी मारली. उसाची उंच शेते व पाणी सोडून केलेला चिखल यांत हे रणगाडे अडकू लागले. याच लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व पुढे भूदलप्रमुख झालेले अरुणकुमार वैद्य करीत होते.

१० सप्टेंबरच्या सकाळी रणगाडे ग्रेनेडियर्सच्या आघाडीच्या ठाण्यांत शिरले. हमीद यांनी तोफमारा चालू असतानाच जीप बगलेला नेली व सर्वांत पुढचा रणगाडा निकामी केला. लगेच जागा बदलून त्यांनी दुसरा पेटवला. तोवर शत्रूला त्यांचा ठाव लागला होता. जीपवर मशीनगन व तोफगोळ्यांचा भडिमार सुरू झाला, तरी त्यांनी मारा थांबवला नाही. याच वेळी एका स्फोटक गोळ्याने ते प्राणांतिक जखमी झाले.

त्यांनी एकूण किती रणगाडे नष्ट केले, याबाबत एकवाक्यता नाही. अनेक लेखनांत सात, तर काही ठिकाणी आठ असा आकडा येतो. त्यात आधीच्या दिवसांतील रणगाडेही धरलेले असतात. पराक्रमाचे मोजमाप केवळ या आकड्यावरून होऊ नये.

सन्मान

२६ जानेवारी, १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीर चक्र स्वीकारले. १९८८ च्या 'परमवीर चक्र' या दूरदर्शन मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी त्यांची भूमिका केली. २८ जानेवारी, २००० रोजी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. त्यांची कबर असल उत्तर येथे आहे.