धोतराच्या गाठीखालचा रोग ओळखणारे डॉ. खानोलकर

डॉक्टर होण्याचे स्वप्न आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली पाहतात. डॉक्टर म्हटले की स्टेथोस्कोप लावलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून तासन्‌तास बसणाराही डॉक्टरच असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे अशांपैकी होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळविली. मुंबईस ग्रँट मेडिकल आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तेथे येत. काहींना कमरेच्या कातडीचा कर्करोग असे. अशा जागी हा रोग सहसा होत नाही, मग येथेच का? उत्तर रोग्याच्या नेसण्यात होते. धोतर रोज कमरेला त्याच जागी करकचून बांधले जाते. घाम, मळ आणि घर्षण यांनी तेथील कातडीचा रंग जातो, ती जाड होते, चिरते. जखम भरते न भरते तोच पुन्हा तीच गाठ. वर्षानुवर्षे हे चालले की एखाद्या जखमेत कर्करोग मूळ धरतो. १९४५ साली सूर्याबाई या सहकाऱ्यासह त्यांनी लोकांच्या सवयींतून होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार जगापुढे मांडले, त्यांत हा एक होता. खैनी ओठाआड दाबून ठेवणाऱ्यांचा रोगही त्याच निबंधात आहे. काश्मिरात फेरनच्या आत शेगडी धरणाऱ्यांच्या पोटाला होणारा कांगडी कर्करोग याच जातीचा.

पुढे कुष्ठरोगाचे जंतू कातडीतील मज्जातंतूंत कसे पसरतात, याचाही त्यांनी कसून अभ्यास केला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पद्मभूषण, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद असे मानही मिळाले. आम्हाला मात्र धोतराची गाठ तपासणारे खानोलकरच अधिक मोठे वाटतात. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.

धोतर आता कमी झाले, पण नाडा गेला नाही. सलवार, पायजमा, परकर सर्वांना तो आहेच. आपल्या माताभगिनी कमरेवरचा काळा किंवा पांढरा पट्टा नाड्याचा वळ म्हणून सोडून देतात, आणि जखम झाली तर लाजेने घरातही सांगत नाहीत. नाडा सैल बांधावा, दोरीऐवजी रुंद पट्टी घालावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी, घरी ढिले कपडे वापरावेत. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसे मोकळेपणी सांगावे.

ही जुनी गोष्ट नव्हे. नागपूरपासून दोन तासांवरच्या वर्धा येथील आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. एक परकराची नाडी घट्ट बांधीत असे. दुसरी चाळीस वर्षे परकराविना लुगडे घट्ट नेसत होती. तिच्या कमरेवरची जखम दोन वर्षे वाहत होती, आणि तपासणी झाली तेव्हा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.