विश्लेषण : जनमत कौलात हार, तरी ७९ दिवसांत पुन्हा सत्ता! गोव्याच्या भाऊसाहेब बांदोडकरांनी हे कसे साधले?

गोव्यात दरवर्षी १६ जानेवारी हा अस्मिताय दिस म्हणून पाळला जातो. १९६७ मध्ये याच दिवशी गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास मतपेटीतून नकार दिला. विलीनीकरणाच्या बाजूचे सर्वांत मोठे नेते होते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर. एवढ्या मोठ्या पराभवानंतर त्यांची कारकीर्द तिथेच संपायला हवी होती. प्रत्यक्षात तीन महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्रीपदी बसवले. असे का घडले?

बांदोडकर राजकारणात कसे आले?

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला जपानसारख्या देशांतून मागणी वाढली आणि खाण व्यवसायाला बरकत आली. या व्यवसायात बांदोडकर यशस्वी झाले. मंदिरे, शाळा, नाट्यमंडळे, क्रीडा संस्था आणि अडलेली माणसे यांना सढळ हाताने मदत करणारा खाणमालक अशी त्यांची ओळख झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तेव्हा ते पन्नाशीत होते आणि कोणत्याही विधिमंडळाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता.

पहिल्या निवडणुकीत काय झाले?

गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. बहुजन समाजाचा आधार असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, विलीनीकरणाची मागणी घेऊन उतरला. गोव्याचे वेगळेपण टिकावे म्हणणारा युनायटेड गोवन्स पक्ष डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली समोर उभा होता.

तीस जागांपैकी मगोला १४, मित्रपक्ष प्रजा समाजवादी पक्षाला २ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. देशभर सत्तेत असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणमधून आली. बांदोडकर स्वतः उमेदवार नव्हते, तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. नंतर पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत आले.

बहुजन समाज त्यांच्या मागे का गेला?

गोव्यात जमीन थोड्या भाटकारांच्या हाती होती. त्यांच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार आणि शेत कसणारा कूळ यांच्या डोक्यावर बेदखल होण्याची टांगती तलवार असे. पोर्तुगिजांचे राज्य गेले, तरी गावातली ही उतरंड लगेच हलली नाही.

बांदोडकर सरकारने १९६४ मध्ये कूळ कायदा केला. जमीनमालकाला द्यायचा खंड उत्पन्नाच्या जास्तीत जास्त एक षष्ठांशावर आणला आणि कुळांना संरक्षण दिले. दुसरा भर शिक्षणावर होता. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण मुख्यतः पोर्तुगीज भाषेतून होते आणि बहुजनांची मुले त्यापासून दूर राहिली होती. नव्या सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात आजवर कोणी पाटी धरली नव्हती, तिथली मुले शाळेत जाऊ लागली. भाऊसाहेबांच्या लोकप्रियतेचे मूळ इथे आहे.

मग जनमत कौल कशासाठी?

मगोच्या दृष्टीने १९६३ चा विजय हाच विलीनीकरणाचा कौल होता. जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठराव केला. महाराष्ट्रातून त्याला पाठिंबा मिळाला, तर शेजारच्या म्हैसूर राज्याने विरोध केला. गोव्यातील विरोधकांचे म्हणणे होते की सरकार निवडणे वेगळे आणि आपल्या प्रदेशाचे अस्तित्व संपवणे वेगळे. त्यासाठी लोकांना थेट विचारले पाहिजे. अखेर इंदिरा गांधी यांच्या सरकारने जनमत कौलाचा मार्ग स्वीकारला आणि संसदेने १९६६ च्या अखेरीस कायदा केला.

सत्तेवर विलीनीकरणवादी सरकार असताना मतदान निष्पक्ष होणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्रीपद सोडले आणि राष्ट्रपती राजवट आली. विजयाची त्यांना खात्री वाटत होती.

अंदाज कुठे चुकला?

विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. निकाल लागला तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने विरोधात गेला, हे अपेक्षितच होते. मात्र तेवढ्यावर हा निकाल लागणे शक्य नव्हते. हिंदू मतदारांचा एक हिस्साही दोन पानांकडे वळला. मोठ्या राज्यात गोवा एक जिल्हा होऊन राहील, नोकऱ्यांत बाहेरच्यांची स्पर्धा वाढेल, महाराष्ट्रातली दारूबंदी माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या पोटावर पाय आणील, अशा शंका गावोगावी पोहोचल्या होत्या. कोकणी ही स्वतंत्र भाषा असल्याची जाणीवही जागी झाली. विशेष म्हणजे विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक मोठे हत्यार मराठीच होते. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांत जाऊन पोहोचले.

लगेच सत्ता परत कशी मिळाली?

२८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. मगोला १६ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

मतदारांनी दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली होती. गोवा वेगळा राहावा, पण सत्ता भाटकारांच्या वर्तुळाकडे परत जाऊ नये, असे वाटणारा मतदार दोन्ही वेळा निर्णायक ठरला. विलीनीकरण हा मगोचा जाहीर कार्यक्रम होता; कूळ, मुंडकार आणि शाळा हा त्याचा खरा पाया होता. पहिला कोसळला, तरी दुसरा शाबूत राहिला.

नंतरच्या काळात काय घडले?

बांदोडकरांनी कौल मान्य करून कारभार पुढे नेला. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ मध्ये सुरू झाले. कला अकादमीची स्थापना १९७० मध्ये झाली. अर्थात, त्यांचा कारभार एकहाती असल्याची टीकाही होत राहिली. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केले, तेव्हा विरोधी बाकांवरील काही आमदारांच्या मदतीने सरकार वाचवावे लागले. तरी १९७२ च्या निवडणुकीत मगोने १८ जागा जिंकल्या.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रीपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी सूत्रे हाती घेतली. मुंडकारांना बेदखल होण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी कूळ कायद्यातील पाचवी दुरुस्ती त्यांच्या काळात झाली.

आज त्यांच्याकडे कसे पाहिले जाते?

गोवा ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र राज्य झाला. बांदोडकरांची मुख्य मागणी मान्य झाली असती, तर हे राज्यच अस्तित्वात आले नसते. तरीही पणजीतील एका प्रमुख मार्गाला त्यांचे नाव आहे आणि मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांचे स्वप्न नाकारणाऱ्या गोव्याने त्यांना मात्र आपले मानले. त्याचे कारण गावागावांतल्या शाळांत आणि कुळांच्या नावे झालेल्या शेतजमिनींत सापडते.