रमाबाईंची शिकवणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर वेल्ह्याकडील डोंगरातले. गावात शाळा तेवढीच होती. पुढे भोरला सासरी आले आणि संसाराच्या रगाड्यात वही-पेन्सिल मागे पडली. तेव्हा लेखात जे उणेअधिक असेल, ते भगिनींनी पदरात घ्यावे.

मी लिहिणार आहे कै. रमाबाई रानडे यांच्याविषयी. 2012 साली 'उंच माझा झोका' ही मालिका लागत असे, तेव्हा आपण साऱ्याजणी कामे आटोपून टीव्हीपुढे बसत होतो. पण रमाबाई मला खऱ्या कळल्या त्या पुढे, आणि त्याला कारण झाली एक गोळी.

सासूबाईंना सकाळी रक्तदाबाची गोळी आणि रात्री झोपेची. दोन्ही पाकिटे रुपेरी, नावे इंग्रजीत. एके दिवशी सकाळच्या गडबडीत मी रात्रीची गोळी दिली. सासूबाई दिवसभर ग्लानीत पडून होत्या. डॉक्टरांनी तपासून भिण्यासारखे काही नाही म्हणून सांगितले आणि संध्याकाळी त्या उठून चहाही प्याल्या. पण माझ्या घशाखाली घास उतरेना. शाळेत पाचवीपासून इंग्रजी होते, पण ते अक्षरओळखीपुढे गेले नाही आणि तेवढेही विसरून गेले होते. आपल्याला इंग्रजी येत नाही, हे मी आजवर हसण्यावारी नेत आले. त्या दिवशी मात्र हसू आले नाही.

त्याच सुमारास वाचनालयातून रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक हाती आले. ते 1910 साली प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. 1873 साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. पुण्यास आल्या तेव्हा त्यांना अक्षरही येत नव्हते. न्यायमूर्तींनी स्वतः पाटी हाती देऊन मुळाक्षरांपासून आरंभ केला. दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या हाताखाली काम आणि रात्री निजानीज झाल्यावर अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. मराठी चांगले आल्यावर इंग्रजी सुरू झाले. न्यायमूर्तींची बदली नाशिकला झाली, तेव्हा तिथे टोकणारे कोणी नव्हते, म्हणून अभ्यासाला वेग आला. पुढे पुण्यास परतल्यावर मिस हरफर्ड या ट्रेनिंग कॉलेजच्या बाई त्यांना इंग्रजी शिकवू लागल्या. मग काय, सोवळ्याओवळ्यावरून घरात बोलणी बसू लागली. आपल्यातल्या किती जणींना असे टोमणे ठाऊक आहेत, ते मी सांगायला नको. रमाबाई उलट बोलल्या नाहीत आणि त्यांनी पुस्तकही सोडले नाही.

पुण्यात मुलींसाठी मोठी शाळा काढावी, या मागणीचे इंग्रजी निवेदन गव्हर्नरसाहेबांपुढे वाचायचे होते. भरसभेत ते रमाबाईंनी वाचले. घरी परतल्यावर त्याबद्दलही ऐकून घ्यावे लागले. पण 1884 साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली आणि आजही तिथे मुली शिकत आहेत.

मला सर्वांत आवडली ती कलकत्त्याची गोष्ट. 1886 साली न्यायमूर्तींची सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाली आणि त्या कामासाठी दोघे कलकत्त्यास राहिले. ज्या गावी राहायचे तिथली भाषा येऊ नये, हे न्यायमूर्तींना बरे वाटेना. त्यांनी बंगाली वर्तमानपत्र आणि पुस्तके घेतली. दाढी करायला न्हावी येई, त्याच्यापुढेच ते मोठ्याने वाचत आणि उच्चार चुकला की तो सुधारून देई. एवढे मोठे न्यायाधीश न्हाव्याकडून शिकतात, याचे रमाबाईंना हसू आले. पण पुढे त्यांनीही पतीकडून बंगालीचे धडे घेतले. आपल्या दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले, हे आपण पोथीत दरवर्षी ऐकतो. चुकले तर चुकले, पण मोठ्याने वाचावे आणि ज्याला येते त्याला लहानथोर न पाहता विचारावे, हीच खरी शिकवणी.

1901 साली न्यायमूर्ती गेले. दुःखाच्या त्या डोंगरातून रमाबाई उठल्या. 1904 साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथे विधवा आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायकांना शिकण्याची सोय झाली. ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेण्यासही बायका तिथून जाऊ लागल्या. 1924 साली रमाबाईंनी देह ठेवला.

पुस्तक मिटले आणि मी मुलीची जुनी पाटी काढली. रोज रात्री भांडी आवरल्यावर पाच अक्षरे. महिन्याने औषधाची पाकिटे घेतली. नाव अक्षर-अक्षर लावायचे, मोठ्याने म्हणायचे आणि त्याखाली मराठीत लिहून ठेवायचे. मग साबणाची, चहाची वेष्टने. मुलगी माझे उच्चार सुधारी. पहिल्यांदा ती खुदकन हसली, तेव्हा लाज वाटली. मग कलकत्त्याचा न्हावी आठवला आणि मीही हसले. मोबाईलमध्ये शब्द बोलून दाखवण्याची सोय आहे, ती मुलीनेच शिकवली. पण यंत्रापेक्षा समोरचे माणूस बरे, असा माझा अनुभव आहे. आपले कुठे अडले, ते माणसाला तोंडावरून कळते.

मी काही इंग्रजी बोलू लागलेले नाही. पण आता गोळीचे नाव वाचल्याशिवाय हातातून पाणी देत नाही. सासूबाईही पाकीट डोळ्यांजवळ धरून पहिले अक्षर ओळखतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात.

मंडळाला एक विनंती करते. भजन संपल्यावर अर्धा तास आपण थांबू. प्रत्येकीने घरातले औषधाचे एक पाकीट आणावे. जिला येते तिने सांगावे, जिला येत नाही तिने मोठ्याने वाचावे. पाटी माझ्याकडे आहे, ती मी घेऊन येईन.