लोकवर्गणीचे निर्मोही विश्वस्त : गाडगेबाबा

स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची नावे छापली जातात. ती छापलीच पाहिजेत. परंतु पावतीपुस्तक काखेत घेऊन त्या देणगीदारांच्या दारापर्यंत जो पायपीट करीत गेला, ज्याने दहा ठिकाणचे नकार पचवून अकरावे दार ठोठावले, त्याची नोंद सहसा कोठेच होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त भागात समाजाच्या बळावर चालणारी शाळा किंवा वसतिगृह अशा माणसांवाचून टिकत नाही. सुगीनंतर धान मागावे, नोकरदारांकडून महिन्याची वर्गणी गोळा करावी आणि पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवावा, हे काम वरवर साधे दिसते. पण माणसाची खरी कसोटी त्यातच लागते. या कार्यकर्त्यांचा पूर्वसूरी शोधण्यासाठी आपल्याला विदर्भाबाहेर जावे लागत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर परिसरातील दापुरे या गावी भावाच्या आश्रयाला आल्या. डेबूजी गुरे राखू लागले, नांगर धरू लागले. अक्षरओळख मात्र झाली नाही. मामाची जमीन सावकारी कर्जाच्या कचाट्यात सापडलेली त्यांनी पाहिली. निरक्षराच्या अंगठ्याचा कागदावर कसा गैरवापर होतो, हे त्यांना पुस्तकाने नव्हे, घरच्या आपत्तीने शिकवले. पुढे सार्वजनिक पैशाच्या बाबतीत त्यांनी जो काटेकोरपणा दाखवला, त्याचे मूळ या अनुभवात असावे.

मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची पंगत घालण्याची जातीची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती झाडू आणि भाकरीसाठी मातीचे गाडगे. त्या गाडग्यानेच त्यांना लोकप्रसिद्ध नाव दिले.

त्यांच्या कार्यपद्धतीत एक निश्चित क्रम होता. गावात शिरताच ते प्रथम रस्ते झाडीत. दिवसभर गाव स्वच्छ करून रात्री कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून सण करू नका, पशुबळी देऊ नका, दारू सोडा, अस्पृश्यता पाळू नका, भांडीकुंडी विकावी लागली तरी मुलांचे शिक्षण थांबवू नका, असा त्यांचा उपदेश असे. प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत ते बोलत. मागणे येई ते या सर्वानंतर. ज्याने आधी आपल्या दारातला कचरा उचलला, त्याला नाही म्हणणे गावाला जड जाई.

अशा लोकवर्गणीतून ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी घाट बांधला गेला. नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी थारा देत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधण्यात आली.

एवढा पैसा ज्याच्या शब्दावर जमला, त्याने त्यातला एक पैसाही स्वतःसाठी ठेवला नाही. संस्था विश्वस्तांच्या हाती सोपवून बाबा पुढच्या गावाला निघत. पत्नी कुंताबाई व मुले यांनाही त्या वास्तूंतून काही मिळू नये, असा त्यांचा कठोर दंडक होता. कुटुंबाने दिवस काढले ते झोपडीत. एकुलता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कोकणात कीर्तन चालू असताना आली, तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. या कठोरपणाची किंमत कुंताबाईंनीही मोजली, हे बाबांचे चरित्र सांगताना विसरता कामा नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणाच्या या कार्याची थोरवी त्या निरक्षर माणसाने अचूक ओळखली. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थी वसतिगृहासाठी बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी जमवलेल्या वर्गणीतून उभी राहिलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी खुली झाली. स्वतः उभारलेली वास्तू अधिक उपयोगी हातांत देण्यासाठी जे मन लागते, ते पैसा जमवण्याच्या कौशल्याहून दुर्मीळ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान बंद पडले, तेव्हाही बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे संस्थेची बाजू मांडली. रयतने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे आवाहन केले आणि १६ ऑक्टोबरला ते आपल्या चंद्रपुरात आले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली.

गाडगेबाबांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. त्यांच्या मुखी अखेरपर्यंत विठ्ठल-गोपाळांचे भजन होते. ते बदलून त्यांना आपल्या पंक्तीत बसवणे इतिहासाला धरून होणार नाही आणि त्याची गरजही नाही. आपण पाळतो त्या दहा पारमितांमध्ये दान आहे. देणाऱ्याचे दान निर्मळ असावेच. पण देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ज्याचे हात असतात, ते हातही निर्मळ असावे लागतात. बाबासाहेबांनी सांगितलेला विसावा हिस्सा समाज आनंदाने देईल. मागणाऱ्यावर विश्वास मात्र हवा. तो पावतीपुस्तकावरच्या शिक्क्याने मिळत नाही. आधी झाडू हाती घेऊन, अखेरीस रिकाम्या हातांनी निघून जाऊन तो कमवावा लागतो. या शाळेसाठी ज्यांनी कधी दारोदार फिरून मूठभर धान मागितले असेल, त्यांनी संकोच बाळगू नये. त्यांची परंपरा थोर आहे.