श्रीकृष्ण वेलिंगकर: डॉल्फिन उडवणारा मुंबईकर आणि एका चुकलेल्या नावाची गोष्ट

आधारवर आडनावाचं एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, आणि बँकेचं केवायसी अडकलं. हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. आज मी ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्यांच्या बाबतीत हाच प्रकार शंभर वर्षांपूर्वी झाला. फक्त तिथे अडकलं होतं ते खातं नव्हतं, कबर होती.

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढाऊ विमान उडवणाऱ्या भारतीयांचा विषय निघाला की चार नावं हमखास येतात: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि आपले मुंबईचे वेलिंगकर. मी सध्या मनोरीत घरी त्यांच्या विमानाचा डायोरामा बनवतोय, त्यामुळे गेले काही महिने हा माणूस आणि त्याचं मशीन डोक्यातून जात नाहीये.

डायोरामा म्हणजे नुसतं मॉडेल नाही. विमान, त्याखालची जमीन, शेजारी उभी माणसं, असा एक अख्खा क्षण ठरावीक प्रमाणात लहान करून मांडायचा. माझं प्रमाण 1:48 आहे. म्हणजे 9.9 मीटर पंखविस्ताराचं विमान साधारण 20.6 सेंटिमीटरचं होतं आणि पायलट जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा.

कॉकपिटपर्यंतचा रस्ता

वेलिंगकर मुंबईहून इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये शिकले. तेव्हा भारतीय माणूस ब्रिटिश सैन्यात शिपाई म्हणून लाखोंनी चालत होता, पण राजाच्या सहीचं कमिशन घेतलेला अधिकारी म्हणून नाही. आणि पायलट व्हायचं तर बहुतेक वेळा अधिकारीच असावं लागे. मलिक यांनासुद्धा आधी दार बंदच मिळालं. त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने थेट फ्लाइंग कोअरच्या प्रमुख जनरलला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे 1917 मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्याच काळात उघडलेल्या या फटीतून वेलिंगकरही रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये आले. 1 एप्रिल 1918 ला ही संघटना नौदलाच्या विमानदलात विलीन झाली आणि रॉयल एअर फोर्स जन्माला आली. भारताचं स्वतःचं हवाई दल यायला अजून 14 वर्षं होती.

वेलिंगकर फ्रान्समध्ये 23 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांच्या हाती आलेलं विमान म्हणजे सॉपविथ डॉल्फिन.

डॉल्फिन: डोकं पंखाच्या वर

मॉडेल जोडायला घेतलं की डॉल्फिनचा विचित्रपणा लगेच कळतो. दोन पंखांच्या बहुतेक विमानांत वरचा पंख खालच्याच्या जरा पुढे असतो. इथे उलटं आहे, वरचा पंख मागे. आणि त्या पंखाच्या मधोमध कापड नाहीच, नुसती उघडी चौकट. पायलट तिच्या खाली बसतो आणि त्याचं डोकं चौकटीतून वर येतं.

असं का केलं? नजरेसाठी. त्या काळी रडार नव्हतं. शत्रू ज्याला आधी दिसला त्याचं पारडं जड. डॉल्फिनच्या पायलटला वरचं आणि समोरचं आकाश जवळजवळ मोकळं दिसायचं. विमान उंचावरही चांगलं चालायचं, म्हणून त्याला वरच्या थरातली गस्त मिळायची.

पण किंमत होतीच. उतरताना विमान नाकावर उलटलं तर सगळ्यात आधी जमिनीला काय लागणार? पायलटचं डोकं. सुरुवातीला पायलट या विमानाला बिचकायचे ते यामुळेच. त्यात 200 अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा इंजिनाचे गिअर दगा द्यायचे. आणि ब्रिटिश विमानांच्या पायलटांना पॅराशूट मिळत नसे. हे सगळं माहीत असताना रोज सकाळी त्या चौकटीत डोकं घालून बसणं ही काय चीज असेल, याचा जरा विचार करा.

पंख्यातून गोळी कशी जाते?

हा प्रश्न मॉडेल बघणारा प्रत्येक जण विचारतो. नाकावर दोन व्हिकर्स मशीनगन आहेत आणि त्यांच्या समोरच प्रोपेलर फिरतोय. मग पाती तुटत कशी नाहीत?

समजा, दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 1500 फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला 25 फेरे, आणि बंदुकीसमोरून सेकंदाला 50 वेळा पातं जाणार. दोन पात्यांमध्ये मोकळी जागा मिळते ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ. गोळी नेमकी तेव्हाच सुटली पाहिजे. ब्रिटिश विमानांत हे काम रुमेनियन इंजिनिअर जॉर्ज कॉन्स्टंटिनेस्कू यांच्या यंत्रणेने व्हायचं. इंजिनासोबत फिरणारा एक उंचवटा तेलाने भरलेल्या नळीत दाबाचा ठोका द्यायचा. तो ठोका तेलातून बंदुकीपर्यंत पोहोचायचा आणि चाप सुटायचा. पायलट फक्त परवानगी देतो, नेमकी वेळ इंजिन ठरवतं. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. घड्याळाच्या ठोक्याशिवाय काम करायचं नाही, हा नियम इथे सिलिकॉनऐवजी तेलात लिहिला होता.

मनोरीत फ्रान्स

हे विमान लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड, असं होतं. त्याला ताठ ठेवायच्या पंखांमधल्या तारा. मॉडेलमध्ये त्या तारांसाठी मी तंगूस वापरतो, कोळीवाड्यात त्याची काय कमी! 0.1 मिलिमीटरचा तंगूस 48 ने गुणला तर 4.8 मिलिमीटर होतो, म्हणजे प्रमाणात चांगला बसतो. रंग शेवाळी-तपकिरी, पंखांची खालची बाजू कच्च्या कापडासारखी पिवळट. तेव्हाच्या आघाडीवरच्या विमानतळावर डांबरी धावपट्टी नसायची, गवताचं मैदान असायचं. गवतासाठी नारळाचा काथ्या बारीक कातरून हिरवा रंगवला. रंगकाम मात्र पावसाळ्यात बंद. खाडीकाठच्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतो.

विमान उडताना दाखवायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. ते गवतावर उभं आहे, इंजिन बंद आहे आणि पायलट खाली उभा आहे.

27 जून 1918

त्या दिवशी गस्तीवर गेलेले वेलिंगकर परतले नाहीत. त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले. 30 जूनला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. महिन्याभरातच, 22 जुलैला, इंद्रलाल रॉयही पडले. सेन त्याआधीच, 1917 मध्ये, युद्धकैदी झाले होते.

जर्मनांनी वेलिंगकरांना रीतसर पुरलं आणि कबरीवर नाव लिहिलं. पण कोणतं? एस. सी. वुमकर. मुंबईतल्या घरच्यांना मुलगा नेमका कुठे आहे हे कळायला मार्गच नव्हता. ब्रिटिशांच्या यादीत वेलिंगकर बेपत्ता, आणि जर्मनांच्या कबरीत कुणी वुमकर. दोन डेटाबेस, आणि एकातला रेकॉर्ड दुसऱ्यात सापडत नाही.

आज आपण यासाठी फझी मॅचिंग वापरतो. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी किंवा घालावी लागतात ते मोजायचं. इंग्रजीत वेलिंगकरचं वुमकर करायला चार बदल लागतात: ई-एल-आय-एन ही चार अक्षरं जाऊन तिथे यू-एम ही दोन आली. हाताने घाईत लिहिलेलं बघा, त्या चार अक्षरांच्या उभ्या रेघा यू-एमसारख्या सहज दिसतात. पण सुरुवातीचा डब्ल्यू टिकला. आणि शेवटचं के-ए-आर, म्हणजे आपलं कर, तेही टिकलं.

युद्धानंतर घरच्यांच्या बाजूने चौकशी होत राहिली, वॉर ग्रेव्हज कमिशनने कागद पडताळले आणि हा वुमकर म्हणजेच मुंबईचे वेलिंगकर, हे मान्य झालं. अल्गोरिदम नव्हता. पत्रं होती, धीर होता आणि हार न मानणारी घरची माणसं होती. आज फ्रान्समध्ये सोम भागातल्या हँगार्डच्या युद्ध दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे.

तरी घोळ पूर्ण संपलेला नाही. इंग्रजी नोंदींत त्यांचं मधलं नाव कुठे चंदा आहे, तर कुठे चुंदा. आडनावात कुठे जी आहे, कुठे नाही. तुम्ही त्यांना ऑनलाइन शोधणार असाल तर सगळी स्पेलिंग टाकून बघा, एकाच नावावर थांबू नका.

डायोरामाच्या तळाला एक पितळी पट्टी लागते, विमानाचं आणि पायलटचं नाव लिहायला. त्यावर इंग्रजी स्पेलिंग कोणतं घ्यायचं हा प्रश्न मी सोडून दिलाय. पट्टी देवनागरीत करतोय: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, मुंबई.